छोट्या डावातली राजमतीअक्का

राजमतीअक्का कराडला लेकीच्या घरी वारली आणि दुखवट्याला आम्ही तिच्या गावातल्या घरी जमलो. पुरुषमंडळी ओट्यावर, बायका आत सतरंजीवर. पाव्हण्यांपैकी एक चष्मेवाले गृहस्थ आवाज खाली घेऊन म्हणाले, "फार शांत स्वभावाची बाई. कधी कुणाला उलटून बोलली नाही." माझ्या शेजारी हिराबाई बसली होती. तिनं पदराचा बोळा करून तोंडात घातला. पलीकडच्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, रडू नको म्हणाली. हिराबाई रडत नव्हती. मला ठाऊक होतं, कारण माझीही तीच गत झाली होती.

शांत! जिनं चालता पट्टा बंद पाडला, जिनं मुकादमाला रस्त्याच्या मालकीवरून भर दुपारी गप्प केलं, जिनं साठी उलटल्यावर मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळात सगळ्यांना मागं टाकून पहिला नंबर काढला, ती बाई शांत? आणि त्यातही आणखी एक सांगू का, त्या खेळात तिनं कधी एक गोळी झाडली नाही. एकसुद्धा नाही. हे मी तिथं बोलले नाही. दुखवट्याच्या घरी पाव्हण्याला खोडून काढायचं नसतं. पण माझ्या पोटात ते राहिना, म्हणून इथं लिहिते.

आम्ही बेदाण्याच्या शेडवर कामाला होतो. तासगावच्या बाजूला अशी शेडं पुष्कळ. द्राक्षं वाळून बेदाणा झाला, की त्यातल्या काड्या आणि काळे मणी काढायला बायका लागतात. लांबलचक रबरी पट्टा असतो, त्यावरून बेदाणा वाहत येतो, दोन्ही बाजूंना बायका बसतात आणि चिमटीनं निवडत राहतात. पट्टा थांबत नाही, म्हणून हातही थांबत नाहीत. संध्याकाळी घरी गेल्यावर ताटातला भातसुद्धा सरकतोय असं वाटतं. बोटं इतकी चिकट होतात की डोक्यावरचा पदर सारखा करायला गेलं तर पदर बोटाबरोबर खाली येतो.

अक्का माझ्या समोर बसायची. जैनाची बाई. घरी थोडी द्राक्षबाग, मुलगा कर्ता, सून चांगली. सून म्हणायची, "आता घरात बसून जप करा की." अक्का म्हणायची, "पहाटे करतो की. दिवसभर ओढली तर माळ झिजंल." आमच्या भागातल्या बायकांसारखी तीही येतो, जातो असंच बोलायची. अंगानं किरकोळ, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, लुगडं कायम पांढुरक्या रंगाचं. चालायची मात्र अशी, की मागून बघणाऱ्याला वाटावं ही कुणाला तरी जाब विचारायला निघालीय.

बहुतेक वेळा निघालेलीच असायची.

पहिल्याच थंडीत तिचं आणि बबन मुकादमाचं वाजलं. अक्का दिवस मावळायच्या आत जेवणारी. थंडीत दिवस लवकर मावळतो आणि शेड सुटतं उशिरा, मग टेम्पोनं घरी पोचेपर्यंत अंधार. पहिले काही दिवस ती उपाशी राहिली. मग एका संध्याकाळी ऊन पत्र्याच्या झरोक्यातून तिरपं झालं तशी पट्ट्यावरून उठली, हात धुतले, एक प्लास्टिकचं कॅरेट पालथं घातलं आणि त्यावर बसून डबा उघडला.

बबन धावत आला. "आवं अक्का, सुट्टी कुठं झालीया?"

"सूर्याला सांग थांबायला. तो थांबला तर मी बी थांबतो."

"सगळ्या बायका उठल्या तर?"

"सगळ्या बायका रातच्याला जेवत्यात. त्यांना कशाला उठवू?"

बबन मालकाकडं जातो म्हणाला, गेला नाही. अक्कानं भाकरी संपवली, चूळ भरली आणि परत बसली. काम सुटल्यावर आम्ही सगळ्या टेम्पोकडं पळालो, ही एकटी पट्ट्यावर मागं राहिलेल्या बेदाण्याच्या काड्या काढत बसली. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा आली. पुढं पूर्ण थंडीभर हेच. जेवणाला घेतलेला वेळ ती तिथल्या तिथं फेडायची. मला म्हणाली, "कुणाचा वेळ मी खात न्हाई इंदे. आणि माझा कुणाला खाऊ द्यायची न्हाई." मला वाटलं बाई नुसतं बोलतेय. तिचं बोलणं नुसतं नसायचं, हे कळायला मला वेळ लागला.

खेळ आणला तो शबानानं. आमच्यात सगळ्यात तरणी. लग्न होऊन आलेली, नवरा ट्रकवर, बोलणं भरभर आणि हसणं त्याहून भरभर. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाल्ली की पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ती फोनवर काहीतरी करायची आणि "मेला! मेला!" म्हणून ओरडायची. अक्का चष्मा सावरत तिच्याजवळ गेली.

"कोण मेलं गं?"

"काय न्हाई अक्का, खेळ हाय. इमानातनं उडी मारायची, बेटावर उतरायचं. सगळी एकमेकास्नी मारत्यात. बाहेरनं निळं रिंगण आवळत येतंय, त्याच्या आत ऱ्हायचं. शेवटाला ज्यो उरला त्यो जितला. चौघांचा गट करता येतोय. खेळताय?"

मला वाटलं, अक्का आता हिला धर्म सांगणार. ती म्हणाली, "किती येळ लागतो?"

शबानानं दोन तऱ्हा सांगितल्या. एक मोठा डाव. मोठं बेट, लांब लांब घरं, अर्धा-अर्धा तास नुसतं हिंडायचं, झाडामागं दबा धरून बसायचं. दुसरा छोटा डाव. बेट एवढंसं, पावलापावलाला बंदुका पडलेल्या, रिंगण घाईनं आवळणारं, उतरलं की सुरू आणि बघता बघता खलास. अक्कानं दोन्ही बघितले आणि निकाल दिला. "मोठा डाव रिकामटेकड्यांचा. आपल्याला सुट्टीच एवढी. सुट्टीत बसंल त्योच आपला."

असा आमचा गट झाला. शबाना, अक्का, मी आणि हिराबाई. हिराबाई माण भागातली धनगर. आईबापाच्या मेंढरांमागं लहानपणी अर्धा महाराष्ट्र चाललेली, आता इकडं दिलेली. तिला ते बेट बघून मेंढरं कुठं बसवता येतील तेच आधी दिसायचं. फोन सगळ्यांकडं होते, लेकाचे, जावयाचे उतरलेले. अक्काच्या फोनची काच तडकलेली, त्यावर चिकटपट्टी. खेळण्याआधी साबणानं हात धुवायचे हा अक्काचा नियम, कारण बेदाण्याच्या चिकट बोटांनी पडद्यावरचा माणूस एकीकडं चालवायला जावं तर तो जागेवर गरागरा फिरायचा. विमानात बसलो की शबाना बिस्मिल्ला म्हणायची, हिराबाई बिरोबाच्या नावानं चांगभलं करायची, अक्का णमोकार मंत्र पुटपुटायची. मी डोळे मिटून घ्यायची. मला उंचीची भीती, मग ती चित्रातली का असेना.

पहिल्या डावात अक्का उतरली, तिच्यापुढं बंदूक, समोर शत्रू पाठ करून उभा. शबाना किंचाळली, "अक्का, मारा! मारा की!"

अक्का त्या माणसाच्या शेजारून निघून गेली.

"आवं मारला का न्हाई?"

"मी मारत न्हाई."

हिराबाईनं कपाळाला हात लावला. "अक्का, त्ये चितारातलं माणूस हाय. त्याला ना आई ना बाप. त्याच्या अंगात रगात बी न्हाई."

"त्याच्या अंगात रगात नसंल," अक्का म्हणाली. "बोट तर माझं हाय न्हवं?"

हिराबाईनं स्वतःचं बोट वर करून बघितलं. 

मग ती काय करायची? त्या खेळात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. गुडघ्यावर येतो, सरपटतो. गटातल्या कुणी जवळ जाऊन बटण दाबून धरलं तर तो पुन्हा उभा राहतो. अक्का फक्त तेवढं करायची. कुणी पडलं की ही पळत सुटायची. आजूबाजूनं गोळ्या, वर स्फोट, आणि ही पिवळ्या सदऱ्यातली बाहुली सरळ रेषेत पळत येणार, शेजारी गुडघे टेकणार आणि बटण धरून बसणार. बहुतेक वेळा त्यात तिलाच गोळी लागायची. शबाना चिडायची. "आवं आधी आडोसा बघा, मग उचला!" अक्का म्हणायची, "आडोसा बघंस्तवर तू जाशील की."

एकदा शबानानं तिला पेचात धरलं. "मारत न्हाई म्हणताय, पण बंदुका तर तुमीच गोळा करून मला देताय! मग पाप कुणाचं?"

अक्कानं फोन मांडीवर ठेवला. "परवा सांगतो," म्हणाली. खरंच विचार करत होती बाई, पट्ट्यावर बसून काड्या काढतानासुद्धा तिचे ओठ हलत होते. परवा आली आणि म्हणाली, "तुझं बरोबर हाय. आजपासनं बंदूक देणार न्हाई. मलमपट्टी देतो, टोप देतो, पाणी देतो. बंदूक तुझी तू बघ." तेव्हापासून तिची पाठीवरची पिशवी औषधांनी गच्च भरलेली असायची. हिराबाई तिला दवाखाना म्हणायची. "दवाखाना कुठं गेला? दवाखाना, हिकडं या, मला लागलंय!"

आणि त्या दवाखान्यानंच एक दिवस डाव जिंकला. मी आधी पडले, मग हिराबाई, मग शबाना. आम्हाला उचलायला अक्का पोचू शकली नाही, एका पत्र्याच्या खोलीत अडकली. बाहेर शेवटचा एकच माणूस उरलेला, तो खिडकीतून नेम धरून. पण रिंगण आवळत आवळत इतकं लहान झालं की आत उभं राहायला जागाच उरली नाही. रिंगणाबाहेर माणसाचा जीव थेंबाथेंबानं कमी होतो. दोघांचाही व्हायला लागला. त्या गड्याकडं बंदुका तीन, पण मलमपट्टी एकही नाही. अक्का दाराआड बसून पट्टी बांधतेय, पुन्हा जीव कमी होतोय, पुन्हा पट्टी. आणि तो बाहेरचा धाडकन पडला. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली.

आम्ही अशा ओरडलो की बबन मुकादम हातातलं ताट टाकून धावत आला. त्याला वाटलं पट्ट्यात कुणाचा हात सापडला. बघतो तर तीन बायका एका फोनवर तुटून पडलेल्या, आणि अक्का शांतपणे चष्मा पुसतेय. (बघा, शांत म्हणायचं तर तेवढीच एकदा.)

"काय चाललंय काय?"

"अक्का जितली!" हिराबाई म्हणाली. "एक गोळी न झाडता!"

बबननं फोनमध्ये डोकावून बघितलं. "आवं, ह्ये पोरांचं खूळ. म्हातारपणी लाज न्हाई वाटत?"

"सुट्टीत झोपलो असतो तर लाज वाटली असती का?" अक्कानं विचारलं.

"झोपणं येगळं."

"का? झोपल्याली बाई शिट्टी लवकर वाजली तरी कळून घेत न्हाई म्हणून?"

बबनचा चेहरा असा काही झाला की मी मान वर करून बघितलं. शिट्टी लवकर? ही काय बोलतेय?

ते तिनं मला टेम्पोत सांगितलं. फोनमध्ये घड्याळ सगळ्यांच्याच होतं, पण चिकट हातानं भाकरी खाताना घड्याळ कोण काढून बघतं? शिट्टी वाजली की सुट्टी संपली, एवढंच आम्हाला माहीत. पण खेळायला लागल्यापासून अक्काच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. सुरुवातीला जेवून झाल्यावर दोन छोटे डाव निवांत बसायचे. मग दुसरा डाव अर्ध्यात असताना शिट्टी यायला लागली. आता तर रिंगण आवळायला लागायच्या आत येत होती. माल जास्त आला होता, खोकी भरायची घाई होती, आणि बबन आमच्या अर्ध्या तासाचा रोज एक-एक घास तोडत होता. वर्षानुवर्षं तोडत असेल. आम्हाला आत्ता कळलं, कारण आत्ता आमचा डाव अर्धवट राहायला लागला.

"अर्धा तास म्हंजे अर्धा तास," अक्का म्हणाली. "त्यात मी झोपू, उवा काढू, न्हाईतर इमानातनं उडी मारू. तो माझा हाय."

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा तिनं फोनमधलं घड्याळ बबनच्या नाकापुढं धरलं आणि जागेवरून उठली नाही. आम्ही तिघी पण उठलो नाही. बबन लालबुंद झाला. त्यानं शिट्टी पुन्हा वाजवली नाही, पण त्याच्या पुढच्या सकाळी गेटवर एक रिकामं कॅरेट ठेवलेलं होतं. आत जाताना फोन त्यात टाकायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. मालकाचा हुकूम.

अक्का गेटवर उभी राहिली. मागं बायकांची रांग. "कामाच्या वेळंत फोन तुझ्याजवळ ठेव, माझं काय म्हणणं न्हाई. सुट्टीत माझा माझ्या हातात पायजे."

"हुकूम हाय."

"घड्याळ काढून घेतलंस, एवढंच हाय हे. मला कळतंय, तुला बी कळतंय."

तरी फोन पडले कॅरेटमध्ये. बायकांना काम हवं होतं. अक्कानंही टाकला, पण टाकताना बबनच्या डोळ्याला डोळा लावून. शबानानं मात्र दोन फोन आणले, एक कॅरेटमध्ये टाकला आणि दुसरा डब्याच्या पिशवीत. सुट्टीत टाकीमागं तिनं तो काढला. तिला डाव खेळायचा नव्हता, अक्काला वेळ सांगायची होती. बबननं बघितलं. आरडाओरडा केला नाही, तेच वाईट. फक्त म्हणाला, "उद्यापास्नं तू यायचं न्हाई."

टेम्पोत शबाना हसली नाही. नवऱ्याचा ट्रक त्या महिन्यात उभा होता, घरात ती एकटी कमावती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. अक्कानं पूर्ण रस्ता तिचा हात धरला होता.  

सकाळी टेम्पो शबानाच्या वळणावर थांबायचा नव्हता, तर अक्का उठून ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर हात आपटायला लागली. थांबावंच लागलं. शबाना दारात केरसुणी घेऊन उभी. "चल," अक्का म्हणाली. शबाना म्हणाली, "अक्का, मला काढलंय." अक्का म्हणाली, "काढलं न्हाई. पडलीस. चल."

गेटमधून ती शबानाचं मनगट धरून आत गेली. फोन कॅरेटमध्ये टाकला, शबानाला आपल्या आणि हिराबाईच्या मध्ये बसवलं. पट्टा सुरू झाला. बबन येऊन शबानाच्या डोक्यावर उभा राहिला. "ऊठ."

"ती उठली तर मी उठतो," अक्का म्हणाली.

"तुमी बी उठा मग."

तेवढ्यात हिराबाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी ठेवले. पलीकडच्या बाईनं ठेवले, मग तिच्या पलीकडचीनं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पट्टा आपला चालूच. बेदाणा काड्यांसकट, काळ्या मण्यांसकट पुढं सरकायला लागला आणि टोकाला खोक्यात पडायला लागला, चांगल्या मालाच्या डोक्यावर. बबन टोकाकडं पळाला, दोन्ही हातांनी काड्या वेचायला लागला. एक काडी काढावी तोवर पन्नास पुढं. "आवं बायांनो!" तो ओरडला. कुणी हललं नाही. मला हसू येत होतं, पण हात मी मांडीवरून उचलले नाहीत. मग त्यानंच बटण दाबलं. पट्टा थांबला. इतकी वर्षं त्या शेडवर काम करून कामाच्या वेळेतली शांतता मी पहिल्यांदा ऐकली. पत्र्यावर चिमण्या चालतात त्याचासुद्धा आवाज येत होता.

मालक गाडीतून आले. माणूस गोड बोलणारा. "अक्का, तुमच्यासारख्या धार्मिक बाईनं असं करावं?"

"मालक, धरम माझा मी बघतो. तुमी घड्याळ बघा."

"एका पोरीसाठी सगळं काम थांबवलंत."

"एक पडलं की तिला उचलूनच पुढं जायचं असतंय. उचलायलाच थांबलोय. उचलली की लागतो कामाला."

मालकांनी खोक्यातल्या मूठभर काड्या उचलून बघितल्या. मग म्हणाले, ठीक आहे. पोरगी बसू दे. सुट्टी पूर्ण अर्धा तास. सुट्टीत फोन तुमचे तुम्ही घ्या. असं म्हणून गाडीत बसून गेलेसुद्धा. आम्ही एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. शबाना रडली. अक्का चिमटीनं काड्या काढायला लागली होती. थांबलेला वेळ फेडत होती ती. संध्याकाळी टेम्पोत मला म्हणाली, "लय लवकर व्हय म्हणला गं. मला काय पटंना."

तिचं बरोबर होतं. तो हंगाम नीट गेला. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी अक्का तिच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभी होती आणि टेम्पो थांबला नाही. आम्ही ओरडलो. हिराबाईनं पत्रा बडवला. ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "मला सांगून ठेवलंय, बायांनो. माझ्या पोटावर आणू नका." मागं वळून बघितलं तर धुळीत अक्का उभी. हातानं सांगत होती, जावा, जावा.

त्या दिवशी शिट्टी लवकर वाजली. आम्ही उठलो. सांगायला लाज वाटते, पण उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडले तेव्हा गेटपलीकडं, रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली कुणीतरी पोतं अंथरून बसलेलं दिसलं. पांढुरकं लुगडं. दुधाच्या गाडीतून आली होती. तिनं फोन वर करून आम्हाला दाखवला, म्हणजे चला, सुरू करा.

बबन गेटबाहेर गेला. "अक्का, हितं बसायचं न्हाई."

"रस्ता तुझ्या बापानं बांधलाय व्हय?"

"तुमचं आता हितं काम न्हाई."

"काम न्हाईच. सुट्टीला आलोय."

डाव सुरू झाला. आम्ही आत, ती बाहेर, आणि चौघी त्याच विमानात. दुसरा डाव अर्ध्यात आला आणि बबननं शिट्टी तोंडाला लावली. रस्त्यापलीकडून आवाज आला, ट्रकच्या आवाजावरचा, "अजून रिंगण मिटलं न्हाई रं बबन!" आमच्या पायांत त्या आवाजानं काय भरलं कोण जाणे. आम्ही बसून राहिलो.

मग ती येत राहिली. रोज नाही, पण बबनला नेम सांगता येणार नाही अशी. मी एकदा कुंपणाच्या जाळीतून म्हणाले, "आमच्यासाठी एवढ्या उन्हात कशाला येता, अक्का?"

ती मला वेड्यात काढल्यासारखी हसली. "तुमच्यासाठी कोण येतंय? माझ्या अर्ध्या तासासाठी येतो. तो मी मिळवलाय. तो हितं आत हाय, तुमच्यात. कोण खातंय का बघायला नको?"

हंगाम संपत आला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं धूसर व्हायला लागलं होतं. खेळात तिला शत्रू दिसत नसे, पण पडलेलं माणूस दिसायचं, कारण त्याच्या डोक्यावर खूण येते. तिला तेवढंच हवं होतं. एका दुपारी जाळीपाशी येऊन म्हणाली, "उद्यापासनं मी न्हाई. लेक न्यायला येतीय. कराडला डोळ्याचं काम करायचंय." मी बरं म्हणाले. त्यात काही शेवटचं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

त्याच दुपारी दुसऱ्या डावात मी नेहमीसारखी पहिली पडले. विहिरीच्या कठड्यापाशी, उघड्यावर. शबाना आणि हिराबाई लांब अडकलेल्या. रिंगण आवळत येत होतं. मी पडद्यावर सरपटत होते, आणि तेवढ्यात वेळेआधीच शिट्टी वाजली. नुसती शिट्टी नाही, त्या दिवशी बबननं पट्टाही सुरू केला. घरघर सुरू झाली, बेदाणा वाहायला लागला. त्याला ठाऊक होतं, चालत्या पट्ट्याचा आवाज आला की आमचे हात आपोआप उठतात.

मी रस्त्यापलीकडं बघितलं. अक्का लिंबाखाली वाकून बसलेली, फोन नाकाला चिकटलेला, अंगठा तडकलेल्या काचेवर. तिनं मान वर केली नाही. मी माझ्या फोनकडं बघितलं. धुरातून पिवळ्या सदऱ्यातली बाहुली सरळ रेषेत पळत येत होती. आडोसा नाही, काही नाही. आली आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली.

पट्टा घरघरत होता. बेदाणा काड्यांसकट टोकाला पडत होता. बबन एकदा खोक्याकडं बघे, एकदा आमच्याकडं. हिराबाईनं मांडी घट्ट घातली. शबानानं बोट पडद्यावरून काढलं नाही. मी डबा झाकायला उचलला होता, तो खाली ठेवला.

बबननं बटण दाबलं. पट्टा थांबला. त्या शांततेत रस्त्यापलीकडून तिचा आवाज आला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा.

"घाई करू नको गं इंदे. लय येळ हाय अजून."